महापेशी समुद्री शैवालातले विभवांतर मोजताना: पहिल्या इलेक्ट्रोडपासून भरवशाच्या आकड्यापर्यंत

व्हॅलोनिया या समुद्री शैवालाच्या, एकाच पेशीच्या हिरव्या गोळीत काचेचा इलेक्ट्रोड शिरला आणि पडद्यावर अधिक १५ मिलिव्होल्ट दिसले, की नवखा माणूस बहुधा इलेक्ट्रोड बदलतो. ‘पेशी आतून ऋण असते’ हे त्याच्या डोक्यात पक्के बसलेले असते. मग दुसरा इलेक्ट्रोड, तिसरा इलेक्ट्रोड, आणि दर वेळी तोच धन आकडा. खरे तर आकडा ठीक असतो. विचारायचे राहून जाते ते एवढेच: इलेक्ट्रोडचे टोक पेशीत नेमके कुठे आहे?

म्हणून उपकरणांकडे वळण्याआधी पेशीचा नकाशा डोळ्यासमोर आणा. बाहेरून आत जाताना क्रम असा: समुद्रपाणी, सेल्युलोजची जाड भित्ती, बाह्यपटल (पेशीचा बाहेरचा पडदा), पेशीद्रवाचा अगदी पातळ थर, रिक्तिकापटल (रिक्तिकेभोवतीचा पडदा) आणि मग रसाने भरलेली प्रचंड पोकळी, म्हणजे रिक्तिका. पेशीचे जवळजवळ सगळे आकारमान रिक्तिकेचेच. पेशीद्रवाचा थर काही मायक्रोमीटरचा असल्याने टोक तिथे थांबवणे अवघड, आरपार जाऊन रिक्तिकेत पोचणे सोपे. रिक्तिकेत पोचलेले टोक एका नव्हे, दोन पटलांची बेरीज मोजते.

शैवालपेशींवर काम करणारे संशोधक जॉन गुटक्नेश्ट यांनी १९६६ मध्ये व्हॅलोनिया व्हेंट्रिकोसासाठी दिलेले आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. समुद्रपाणी शून्य धरले तर पेशीद्रव सुमारे उणे ७१ मिलिव्होल्ट. पेशीद्रवाच्या तुलनेत रिक्तिका सुमारे अधिक ८८. दोन्हींची बेरीज अधिक १७. म्हणजे बाह्यपटल आतून ऋणच आहे, पण त्याच्या पाठीमागचे रिक्तिकापटल उलट दिशेला जास्त जोराने ढकलते आणि बाहेरून पाहणाऱ्याला फक्त शेवटची शिल्लक दिसते.

कोणते शैवाल घ्यावे

सुरुवातीला व्हॅलोनियाच घ्या. उष्ण समुद्राच्या उथळ पाण्यात, प्रवाळाच्या तुकड्यांना चिकटून वाढणाऱ्या या गोळ्या काही सेंटिमीटरपर्यंत मोठ्या होतात आणि प्रत्येक गोळी म्हणजे एकच पेशी. खाऱ्या पाण्याची मत्स्यटाकी पाळणारे लोक तिला उपद्रव समजतात, त्यामुळे टाकीतूनही मिळते. समुद्रातून उचलायची असेल तर आधी तिथली परवानगी पाहा. प्रवाळक्षेत्रे बऱ्याच ठिकाणी संरक्षित असतात. गोळी खडकावरून ओरबाडू नका. खालच्या तुकड्यासकट आणा, नाहीतर बुडाशी भित्ती फाटते.

अ‍ॅसिटॅब्युलेरिया दुसऱ्या टप्प्यासाठी ठेवा. छत्रीच्या आकाराची, काही सेंटिमीटर उंच देठाची ही पेशी सुमारे उणे १७० मिलिव्होल्ट दाखवते, म्हणून संकेत मोठा आणि मोहक. पण ती उत्तेजनशील आहे: दिवा बंद केला तरी तिच्यात क्रियाविभव, म्हणजे विभवाची क्षणिक मोठी उसळी, येऊ शकते.

हॅलिसिस्टिस दिसायला व्हॅलोनियाची सख्खी बहीण, वागायला मात्र वेगळी. १९२० आणि ३० च्या दशकांत ऑस्टरहाउट आणि ब्लिंक्स या शास्त्रज्ञांनी या दोघींची तुलना केली. व्हॅलोनियाचा रस पोटॅशियमने गच्च आणि रिक्तिका किंचित धन. हॅलिसिस्टिस ऑस्टरहाउटायचा रस मात्र सोडियमप्रधान, जवळपास समुद्रपाण्यासारखा, आणि रिक्तिका चांगली ऋण. (हॅलिसिस्टिस ही डर्बेसियाच्या जीवनचक्रातलीच एक अवस्था आहे, हे १९३८ मध्ये कोर्नमान यांनी दाखवले, जुने लेख वाचताना नावांचा हा घोळ ध्यानात असू द्या.) सारख्याच दिसणाऱ्या दोन गोळ्यांचे आकडे एकमेकांना लावू नयेत, ते यासाठी.

आणलेल्या पेशी २२ ते २६ अंश सेल्सिअसला, १२ तास प्रकाश आणि १२ तास अंधार अशा मध्यम उजेडात ठेवा. भांड्यावर झाकण हवेच. बाष्पीभवनाने पाणी खारट होते, मग कोणीतरी साधे पाणी ओतून भरपाई करतो आणि त्या एका झटक्याने पेशी फुगून गळू लागते. निदान आठवडाभर पेशींना स्थिरावू द्या. चांगली पेशी टणक, चकचकीत आणि सारख्या हिरव्या रंगाची असते. हिरवा रंग जाळीसारखा आक्रसलेला किंवा ठिपक्याठिपक्यांत गोळा झालेला दिसला, तर पेशीद्रव आकुंचन पावतो आहे. जखम झाल्यावर व्हॅलोनिया अशीच छोट्या गोळ्यांमध्ये विभागते. जीव वाचवण्याची ही तिची युक्ती असली, तरी मापनासाठी ती पेशी बाद.

पाणी

नैसर्गिक समुद्रपाणी चालते, पण आयन बदलून पाहायचे असतील तर कृत्रिम पाणीच करा. १ लिटरसाठी:

- सोडियम क्लोराइड २६.३ ग्रॅम (४५० मिलिमोलर)
- पोटॅशियम क्लोराइड ०.७५ ग्रॅम (१० मिलिमोलर)
- कॅल्शियम क्लोराइड, दोन जलरेणूंचे, १.४७ ग्रॅम (१० मिलिमोलर)
- मॅग्नेशियम क्लोराइड, सहा जलरेणूंचे, ६.१ ग्रॅम (३० मिलिमोलर)
- मॅग्नेशियम सल्फेट, सात जलरेणूंचे, ३.९४ ग्रॅम (१६ मिलिमोलर)
- सोडियम बायकार्बोनेट ०.२१ ग्रॅम (२.५ मिलिमोलर)

सुमारे ९०० मिलिलिटर पाण्यात एकेक क्षार पूर्ण विरघळवून पुढचा घाला. बायकार्बोनेट सर्वांत शेवटी, नाहीतर कॅल्शियमशी गाठ पडून पाणी गढूळ होते. सामू ८ ते ८.२ ला आणा, मग १ लिटर पुरे करा. पुड्यावर जलरेणूंची संख्या वाचूनच वजन करा. निर्जल मॅग्नेशियम क्लोराइड ६.१ ग्रॅम घातले, तर मॅग्नेशियम क्लोराइड दुपटीहून जास्त होते आणि पेशी का आक्रसली हे दिवसभर कळत नाही.

जास्त पोटॅशियमचे पाणी करताना पोटॅशियम क्लोराइड ७.४६ ग्रॅम (१०० मिलिमोलर) आणि त्या प्रमाणात सोडियम क्लोराइड कमी करून २१ ग्रॅम (३६० मिलिमोलर). एक वाढवले की दुसरे घटवायचे. नाहीतर दिसलेला बदल पोटॅशियमचा की परासरणाचा, ते सांगता येणार नाही.

इलेक्ट्रोड

आत तंतू असलेली बोरोसिलिकेट काचनळी घ्या, बाहेरचा व्यास १ ते १.५ मिलिमीटर. पुलरवर (काच तापवून ओढणाऱ्या यंत्रावर) ओढून टोक १ मायक्रोमीटरच्या आत आणा. ३ मोलर पोटॅशियम क्लोराइड (१०० मिलिलिटरमध्ये २२.४ ग्रॅम) ०.२ मायक्रोमीटरच्या गाळणीतून गाळून मागच्या बाजूने भरा. काही मिनिटे टोक खाली करून ठेवले की बुडबुडे निघून जातात. समुद्रपाण्यात रोध ५ ते २० मेगाओहम यावा. १ नॅनोअँपिअर प्रवाहाला १० मिलिव्होल्टची उडी दिसली तर १० मेगाओहम, इतका सरळ हिशेब. रोध १ मेगाओहमच्या खाली गेला तर टोक तुटले आहे. ५० च्या वर असेल तर टोक फार बारीक किंवा बुजलेले आहे. व्हॅलोनियाच्या भित्तीपुढे ते टिकणार नाही.

इलेक्ट्रोडच्या आत घालायची चांदीची तार बारीक पॉलिश कागदाने घासून अल्कोहोलने पुसा आणि कपडे धुण्याच्या ब्लीचमध्ये १५ ते २० मिनिटे बुडवा. सगळीकडे सारखा करडा-जांभळट थर बसला पाहिजे. मधेच चकाकणारी चांदी दिसत असेल, तर त्या इलेक्ट्रोडचा शून्य कायम सरकत राहील. संदर्भ इलेक्ट्रोडसाठी (पात्रातल्या पाण्याचा शून्य धरणारा दुसरा इलेक्ट्रोड) अशीच तार घ्या, पण ती थेट पात्रात नको. ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये २ टक्के आगर उकळून नळीत भरा आणि त्या पुलामधून जोडा. तार उघडी ठेवली, तर पात्रातले क्लोराइड बदलताच तिचा स्वतःचा विभव बदलतो आणि तो बदल पेशीच्या नावावर खपतो.

साधा मल्टिमीटर लावून बघण्याचा मोह आवरा. बहुतेक डिजिटल मल्टिमीटरचा आदान-रोध (मोजताना मीटर स्वतः लावतो तो रोध) १० मेगाओहम असतो. इलेक्ट्रोडही १० मेगाओहमचा असेल तर विभव अर्धा-अर्धा वाटला जातो, उणे ७० चे उणे ३५ दिसतात. आदान-रोध निदान १०० गिगाओहम असलेला इलेक्ट्रोमीटर किंवा अ‍ॅम्प्लिफायर हवा.

दोन्ही इलेक्ट्रोड पात्रात बुडवून शून्य जुळवा आणि १० मिनिटे नुसते बघत बसा. सरक १ मिलिव्होल्टच्या आत असेल तरच पुढे जा. ही १० मिनिटे वाचवणाऱ्यांची पुढची अख्खी दुपार फुकट जाते.

पेशी टोचणे

गोल पेशी निसटते, हा पहिला अडथळा. पात्राच्या तळाशी सिलिकॉनचा थर ओतून त्यात पेशीच्या मापाचा खळगा करा, किंवा दोन काचकांड्यांच्या मध्ये ती हलकेच अडकवा. ‘हलकेच’ म्हणजे पेशी चपटी दिसता कामा नये. दाबाखालची पेशी टोचली की रस बाहेर उसळतो. सरावासाठी ४ ते ८ मिलिमीटरच्या पेशी बऱ्या.

इलेक्ट्रोड पृष्ठभागाला काटकोनात येऊ द्या. तिरका आला तर टोक भित्तीवरून घसरते आणि तुटते. टोक टेकले की भित्तीत बारीकसा खळगा पडतो आणि इलेक्ट्रोडचा रोध वाढतो. आता मायक्रोमॅनिप्युलेटरने (इलेक्ट्रोड अगदी बारीक पावलांनी हलवणाऱ्या पकडीने) १० मायक्रोमीटरच्या पावलांनी पुढे जा. खळगा खोल होत जातो, आकडा काही मिलिव्होल्ट ऋण होतो, पण टोक अजून भित्तीतच असते. याला ‘आत शिरलो’ समजू नका. मॅनिप्युलेटरच्या बुडाला बोटाने टिचकी मारा. खळगा एकदम उलटून सपाट होतो आणि त्याच क्षणी पडद्यावरची रेषा उडी घेते. क्षणभर उणे ५०-६० कडे जाऊन ती धन बाजूला वळली, तर टोक पेशीद्रवातून रिक्तिकेत गेले. रेषा नुसतीच सावकाश घसरत राहिली, तर काम फसले.

उडीनंतरचा पहिला आकडा लिहून ठेवा, पण त्यावर विसंबू नका. जखम भरायला वेळ लागतो. सूक्ष्म टोकाच्या इलेक्ट्रोडला निदान अर्धा तास द्या. जाड केशनळी घुसवली असेल तर कित्येक तास. या काळात आणखी एक गोष्ट घडू शकते: पेशीद्रव टोकावर चढतो आणि त्याभोवती स्वतःचे नवे आवरण घालतो. मग रिक्तिकेत असलेले टोक आपण न हलवताच पेशीद्रवात गेल्यासारखे होते आणि धन आकडा हळूहळू ऋण होतो. पेशी आजारी पडली असे वाटते, पण पेशी ठणठणीत असते; फक्त पत्ता बदललेला असतो.

मोठ्या पेशीचा एक फायदा आणि एक तोटा इथेच समजून घ्या. १ सेंटिमीटर व्यासाच्या गोळीचे पृष्ठफळ सुमारे ३.१ चौरस सेंटिमीटर. समजा पटलाचा रोध दर चौरस सेंटिमीटरला १००० ओहम आहे; मग सगळ्या पेशीचा रोध जेमतेम ३२० ओहम. टोकाच्या कडेने मेगाओहमची गळती झाली तरी या रोधापुढे ती नगण्य, म्हणून विभव ढळत नाही. हा फायदा. पण याच पेशीचा विभव प्रवाह देऊन १० मिलिव्होल्टने हलवायचा तर सुमारे ३१ मायक्रोअँपिअर लागतील, आणि १० मेगाओहमच्या टोकातून तेवढा प्रवाह ढकलायला ३०० हून जास्त व्होल्ट! म्हणून प्रवाह देण्यासाठी वेगळी, रुंद तोंडाची केशनळी वापरतात. बारीक इलेक्ट्रोडने फक्त विभव वाचायचा.

आकडा खरा आहे का

पहिली कसोटी: बाहेरचे पाणी बदलून १०० मिलिमोलर पोटॅशियमचे करा. बाह्यपटल विध्रुवित होते, म्हणजे पेशीद्रव शून्याकडे सरकते. टोक पेशीद्रवात असेल तर उणे आकडा लहान होईल. रिक्तिकेत असेल तर तीच सरक बेरजेत येऊन धन आकडा मोठा होईल. दोन्हीकडे दिशा एकच, त्यामुळे ही कसोटी कप्पा ओळखून देत नाही. टोक खरोखर पटलाच्या आत आहे एवढे मात्र ती नक्की सांगते. आकडा ढिम्म राहिला, तर टोक भित्तीत आहे किंवा बुजले आहे.

कप्पा ओळखायला चिन्ह, शिरताना दिसलेला क्रम आणि खोली या तिघांचा मेळ घाला. शक्य असेल तर सामू ओळखणारा दुहेरी नळीचा इलेक्ट्रोड वापरा: रिक्तिका आम्लधर्मी असते, पेशीद्रव नसतो. वाद मिटवणारा पुरावा हाच.

दुसरी कसोटी हिशेबाची. नेर्न्स्टचे सूत्र आयनाचा समतोल-विभव देते, म्हणजे ज्या विभवाला तो आयन आपोआप आत किंवा बाहेर जात नाही तो; २० अंशाला एकधन आयनासाठी आतबाहेरच्या प्रमाणातल्या दर दहापटीला ५८ मिलिव्होल्ट. व्हॅलोनियाच्या रसात पोटॅशियम सुमारे ६२५ मिलिमोलर आणि बाहेर १२, म्हणून पोटॅशियमचा समतोल-विभव सुमारे उणे १००. सोडियम आत ४४ आणि बाहेर ५०८ असल्याने त्याचा अधिक ६२. क्लोराइड दोन्हीकडे जवळपास सारखे, त्याचा शून्याच्या आसपास. आता मोजलेला अधिक १७ शेजारी ठेवा. क्लोराइड फारसे दूर नाही. पोटॅशियम मात्र समतोलापासून ११५ हून जास्त मिलिव्होल्ट दूर: ते निष्क्रियपणे आत साठणे शक्य नाही, ऊर्जा खर्चून आत ओढले जाते. सोडियम तसेच बाहेर काढले जाते. विभव मोजण्याचे खरे फळ हे आहे. नुसता ‘अधिक १७’ कोणाच्या कामाचा नाही.

अ‍ॅसिटॅब्युलेरियात हाच हिशेब उलटे चित्र दाखवतो. तिथे पोटॅशियमचा समतोल-विभव उणे ९० च्या आसपास, पण पेशी उणे १७० वर बसलेली. कोणत्याच आयनाची गळती तिला इतके खाली नेऊ शकत नाही. क्लोराइड आत ढकलणारा, स्वतःच विद्युतप्रवाह निर्माण करणारा पंप ते करतो. पडताळा सोपा आहे: पात्र थंड करा किंवा प्रकाश काढा. पंप मंदावतो आणि विभव उणे ८०-९० कडे येतो. गरम केल्यावर तो परत खाली गेला पाहिजे. परत गेला नाही तर तुम्ही पंप थांबवला नव्हता, पेशीला इजा केली होती. प्रकाश काढण्याआधी काही मिनिटांची स्थिर रेषा नोंदवा, कारण अंधार होताच क्रियाविभव उसळले तर मूळ पातळी कुठे होती हे नंतर सापडत नाही.

नेहमीचे घोटाळे

मीठ चढणे हा समुद्रपाण्याचा खास रोग. थेंब वाळतात, क्षाराची ओलसर साय इलेक्ट्रोडच्या पकडीवरून वर सरकते आणि पात्र व जमीन यांच्यात चोरवाट तयार करते. लक्षण असे: सकाळी सगळे ठीक, दुपारपर्यंत आकडे हळूहळू शून्याकडे. उपाय गोड्या पाण्याने पुसण्याचा, अ‍ॅम्प्लिफायर बदलण्याचा नाही. सूक्ष्मदर्शीचे भिंगही रोज पुसा.

रेषेवर वीजपुरवठ्याच्या वारंवारतेची घरघर असेल तर जोडण्या मोजा. पात्र, बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणारा धातूचा पिंजरा, सूक्ष्मदर्शी आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच बिंदूला जमिनीशी जोडलेले हवेत. दोन ठिकाणी जमीन मिळाली की तारांचे वेटोळे होते आणि पिंजरा असूनही घरघर येते.

रसाचे पृथक्करण करताना पेशी पाण्यातून काढून तशीच टोचू नका. १०० मायक्रोलिटर रसात बाहेरचे फक्त २ मायक्रोलिटर समुद्रपाणी मिसळले तरी सोडियमचे ४४ चे ५३ मिलिमोलर होतात, म्हणजे वीस टक्क्यांची चूक; पोटॅशियममध्ये मात्र फरक दोन टक्क्यांचाही पडत नाही, म्हणून चूक लपून राहते. पेशी गाळणकागदावर लोळवून पूर्ण कोरडी करा, मगच टोचा. विभव मोजलेल्या पेशीचाच रस घ्या, शेजारच्या पेशीचा नको.

प्रयोग संपला की इलेक्ट्रोड बाहेर ओढून पात्रात शून्य परत येतो का ते बघा. मग टोक मुद्दाम पात्राच्या तळावर मोडा. मोडण्याआधीच्या आणि नंतरच्या वाचनातला फरक हा टोकाचा स्वतःचा विभव. तो ५ मिलिव्होल्टच्या वर असेल तर त्या पेशीची नोंद वहीत राहू द्या, पण सरासरीत धरू नका.